फाटकावरची पाटी



तुम्हाला आता वाचता येते. तेव्हा एक काम सांगतो. कोल्हापूरजवळ शिरोलीला, पुण्याजवळ चाकणला किंवा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला कधी जाणे झाले, तर कारखान्यांच्या फाटकांवरच्या पाट्या वाचा. 'पाहिजेत : फिटर, टर्नर, वेल्डर, मोल्डर' असा मजकूर जागोजागी दिसेल. काही पाट्यांची अक्षरे उन्हाने उडालेली असतात. पाटी जुनी झाली याचा अर्थ काय? माणूस अजून मिळालेला नाही.

आणि आपल्या गावात काय दिसते? पारावर, चहाच्या टपरीवर, देवळाच्या कट्ट्यावर तरणीताठी पोरं बसलेली. कोणी बारावी झालेला, कोणी बी. ए. झालेला. घरी विचारले तर आई सांगते, "काम मिळत नाही हो त्याला."

तिकडे कामाला माणूस नाही, इकडे माणसाला काम नाही. हे असे कसे? आज आपण त्याचाच विचार करणार आहोत. हा कारखानदारांचा प्रश्न आहे, आपला काय संबंध, असे म्हणू नका. तुमच्या घरात दहावीला बसलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर संबंध फार जवळचा आहे.

आधी त्या पाटीवरचे शब्द समजून घेऊ. फिटर म्हणजे यंत्राचे भाग कानशीने घासून, मापात आणून जुळवणारा. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड फिरवून ते हव्या त्या आकारात कातणारा. वेल्डर लोखंडाला लोखंड सांधतो, हे तुम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पाहिलेच असेल. आणि मोल्डर? तो ओतकामाचा माणूस. त्याचे काम आपल्याला सहसा दिसत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

मोटारीचा, पंपाचा, इंजिनाचा जड लोखंडी भाग ओतून करतात. ज्या कारखान्यात ओततात त्याला फौंड्री म्हणतात. कोल्हापूरच्या आसपास, शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलकडे अशा फौंड्र्या शेकड्यांनी आहेत. आधी त्या भागाचा एक नमुना करतात. तो वाळूत दाबून वाळूचा साचा करतात. मग नमुना काढून घेतात. वाळूत जी पोकळी राहते, तिच्यात वितळलेले लोखंड ओततात. पाणी शंभर अंशांवर उकळते. हे लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असते.

वाचायला सोपे वाटले ना? आता यातली मेख पाहा. ती वाळू नुसती वाळू नसते. तिच्यात चिकण माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळतात. पाणी थोडे जास्त झाले, तर गरम लोखंड पडताच त्याची वाफ होते आणि ती लोखंडात शिरते. वरून माल चांगला दिसतो, आत बुडबुड्यांची भोके असतात. पाणी कमी पडले, तर साच्याची कड ढासळते आणि वाळू लोखंडात जाते. वाळू सैल ठोकली तर साचा फुगतो. फार घट्ट ठोकली तर वाफेला बाहेर जायला वाट राहत नाही. लोखंड ओतताना मध्ये हात थांबला, तर आधीचे आणि नंतरचे लोखंड एकजीव होत नाही. आणि हे दोष पुष्कळदा लगेच कळत नाहीत. तो भाग लेथवर चढतो, कातायला घेतात आणि मग आतले भोक उघडे पडते. तोवरची सगळी मजुरी, वीज आणि कोळसा फुकट गेलेला असतो.

आम्ही अशाच एका लहान फौंड्रीत गेलो होतो. तिथे एक म्हातारे मोल्डर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी वाळू मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. वाळूचा लाडू झाला होता आणि त्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. मग त्यांनी तो लाडू मधोमध मोडला. स्वच्छ दोन तुकडे झाले.

"मामा, वाळू बरोबर झाली हे कसं ओळखता?" आम्ही विचारले.

"हाताला कळतंय की, गुरुजी."

"किती दिवसांत कळायला लागलं?"

"दिवस काय इचारताय? तीन वरसं गेली. पयलं वरीस तर नुसती वाळू चाळली."

"आता तुमच्या हाताखाली कोण शिकतंय?"

मामा हसले. म्हणाले, "पोरगं येतंय, म्हैनाभर ऱ्हातंय, आन् मोबाइलच्या दुकानात लागतंय. त्येचं बी बरोबर हाय. तितं पंखा हाय."

मोठ्या फौंड्र्यांत वाळूतले पाणी यंत्राने मोजतात, हे खरे. पण मोजून आलेल्या आकड्याचे पुढे काय करायचे, हे सांगायला मामांसारखा माणूस लागतोच. गाईची धार काढायला पुस्तक वाचून येते का? कासेला हात लावून, गाईची लाथ खाऊनच ते येते. कसब म्हणतात ते हेच. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि जायला वर्षे लागतात.

आता लेथचे पाहू. सुतारकामात आपण 'सूत' म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराचे काम बहुधा तेवढ्यात भागते. टर्नरचे भागत नाही. आपल्या डोक्याचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड असतो. त्या केसाचे उभे पाच भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा फरकही काही कामांत चालत नाही. बेअरिंगची जागा तेवढी सैल झाली, तर पंप खडखडतो आणि शेतकरी शिव्या देतो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हल्ली तर मशीनच सगळं करतं. माणूस लागतोच कशाला?" प्रश्न रास्त आहे. संगणकावर चालणारी लेथ आता लहान गावांतल्या कारखान्यांतही आली आहे. तिला सीएनसी म्हणतात. आकडे भरले की ती आपोआप कातते. पण हत्यार झिजले, की माप हळूहळू सरकू लागते. ते कोणी ओळखायचे? लोखंड कठीण लागले, आवाज बदलला, तर वेग कोणी कमी करायचा? मशीन चुकीचा आकडासुद्धा बिनतक्रार पाळते. एकच चूक ते शंभर वेळा करील आणि थकणारही नाही. म्हणून त्या मशीनजवळ 'सेटर' लागतो. बटण दाबणारा ऑपरेटर थोड्या दिवसांत तयार होतो. सेटर तसा होत नाही. खरी टंचाई आहे ती अशा माणसांची.

हे कारागीर पूर्वी कुठून येत होते? त्याचीही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव तुम्ही पंपावर वाचले असेल. त्यांचा जन्म १८६९ चा. मुंबईला ते चित्रकला शिकायला गेले. पण डोळ्यांना काही रंगांतला फरक कळेना, म्हणून रंगकाम सुटले. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात मात्र ते तरबेज झाले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात.

१९१० साली औंधच्या राजांनी जागा दिली आणि कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. तो माळ निवडुंगाचा आणि सापांचा. तिथे शहरातला तयार कारागीर कोण येणार? आसपासच्या खेड्यांतली माणसे घेऊन त्यांनाच ओतकाम, घासकाम, जोडकाम शिकवावे लागले. शिकवल्याशिवाय मालकाचे चालणारच नव्हते, म्हणून त्याने शिकवले.

कोल्हापूरकडे थोडे निराळे झाले. उसाला पाणी द्यायला आणि घाणे फिरवायला ऑइल इंजिने आली. ती बिघडू लागली. दुरुस्ती करता करता मिस्त्री सुटे भाग करू लागले आणि मग सबंध इंजिनेच करू लागले. शिवाजी उद्यमनगरातल्या एकेका शेडमध्ये एकेक मिस्त्री आणि त्याच्या हाताखाली चार पोरं असायची. पोराने आधी झाडू मारायचा, मग हत्यारे पुसायची, मग कानस धरायची. मिस्त्रीच्या हातचा मारही खायचा. ती रीत काही सगळी चांगली नव्हती. पोरांचे शिक्षण सुटे, आणि कामाचे पैसे नावाला मिळत. पण त्या शेडमधून कारागीर बाहेर पडत, एवढे मात्र खरे. पुढे गावोगाव वीज आली, इंजिनांचा खप कमी झाला आणि फौंड्र्या मोटारींचे भाग ओतू लागल्या. मिस्त्री म्हातारे झाले. हाताखालची पोरं येईनाशी झाली.

का येईनाशी झाली? इथे जरा स्पष्ट बोलतो.

पहिली गोष्ट आपल्या मनातली आहे. ज्याचे हात काळे होतात तो माणूस हलका, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. लोहार, सुतार, चांभार यांच्यावाचून गावाचा गाडा हलत नव्हता. तरी बलुते वाढताना त्यांना खाली उभे केले आणि पंगतीत मागे बसवले. ज्यांच्याकडे विद्या होती त्यांनी हातोडी धरली नाही आणि ज्यांच्याकडे हातोडी होती त्यांना विद्या मिळू दिली नाही. त्याचे फळ आज आपण भोगतो आहोत. आजही सोयरीक जुळवताना पाहा. मुलगा तलाठी आहे म्हटले की चहाबरोबर पोहे येतात. वेल्डर आहे म्हटले की नुसता चहा.

त्यामुळे पोरं भरतीची वाट बघत बसतात. पोलीस भरती, तलाठी भरती, सैन्य भरती. जागा थोड्या, उमेदवार लाखांनी. एकदा नाही जमले, दोनदा नाही जमले. पंचविशी उलटते. तोवर हात कशालाच वळलेले नसतात.

दुसरी गोष्ट कारखानदारांची. माणूस मिळत नाही अशी तक्रार ते करतात. पण कित्येकांना तयार माणूस हवा असतो, तयार करायला नको असतो. शेजारच्या कारखान्याने तीन वर्षे शिकवलेला टर्नर हजार-दोन हजार जास्त देऊन उचलायचा. मग शेजारी म्हणतो, मी तरी कशाला शिकवू? आणि जो शिकायला येतो त्याला काय मिळते? ठेकेदाराच्या नावावर नोकरी. सहा-सात महिने झाले की 'ब्रेक'. पुन्हा नवीन फाटक, पुन्हा पहिल्यापासून. सात महिन्यांत कोणाच्या हातात कसब उतरले आहे? आमचे मत विचाराल, तर निम्मी टंचाई कारखान्यांनी स्वतःच ओढवून घेतली आहे. जिथे भट्टीजवळ पंखा लावला, धूळ ओढून घेणारे यंत्र बसवले, पगार वेळेवर दिला आणि दरवर्षी थोडा वाढवला, तिथे माणसे टिकतात.

आज फौंड्रीतले पुष्कळसे कष्टाचे काम उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून आलेले बांधव करतात. घरदार सोडून ते आले म्हणून भट्ट्या पेटत्या राहिल्या. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत ते गावी परतले, तेव्हा कारखाने उघडायची परवानगी मिळूनही कित्येक ठिकाणी माणसावाचून काम अडले. तेव्हा कुठे मालकांना हातांची किंमत कळली.

आता थोडे आकडे. केंद्र सरकारने २०१५ साली कौशल्याविषयीचे धोरण जाहीर केले. त्यात म्हटले होते, की आपल्या देशात रीतसर धंदेशिक्षण घेतलेले कामगार शंभरांत पाचसुद्धा नाहीत, आकडा ४.६९ टक्के. जर्मनीत ७५, जपानमध्ये ८०, दक्षिण कोरियात ९६. या आकड्याने खाली मान घालू नका. यात मामांसारखे लोक मोजलेले नाहीत, कारण त्यांच्याकडे कागद नाही. हात आहेत, कागद नाही. पण कागद नसला की त्यांचा पगारही कागद नसलेल्या माणसाचाच राहतो, हे विसरू नका.

जर्मनीत हे कसे जमले? तिथे शाळा संपवलेला मुलगा किंवा मुलगी कारखान्याशी करार करते. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात काम, उरलेले एक-दोन दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेत. असे तीन ते साडेतीन वर्षे चालते. त्या काळात पैसे मिळतात आणि शेवटी परीक्षा होते. ती पास झालेल्या कारागिराला तिथे मान असतो. तरीही तिथे आता तरुण माणसे कमी पडू लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने कुशल माणसे मिळावीत म्हणून आपल्या महाराष्ट्र सरकारशी करार केला. म्हणजे आपल्या पोरांच्या हातांची वाट कुठवर बघितली जाते आहे, ते पाहा.

आपल्याकडेही सोय नाही असे नाही. १९५० पासून सरकारने कारागिरांच्या शिक्षणाची योजना चालवली आहे. त्या संस्थांना आपण आयटीआय म्हणतो. महाराष्ट्रात सरकारी आयटीआय चारशेच्या वर आहेत. बहुतेक प्रत्येक तालुक्याला एक. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे शिक्षण आहे. वेल्डरचे एक वर्षाचे. बहुतेकांना दहावी पास लागते; वेल्डरसारख्या काहींना आठवी पास चालते.

आयटीआय म्हणजे सगळे आलबेल, असे आम्ही सांगणार नाही. काही ठिकाणी मशिने जुनी आहेत, काही ठिकाणी शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत. म्हणून नाव घालण्याआधी स्वतः जाऊन या. कामाची शाळा चालू असताना जा. मशिने फिरतात की कुलपात आहेत, पोरांच्या हाताला तेल लागले आहे की नाही, हे पाहा. संस्था खासगी असेल तर केंद्र सरकारची मान्यता कोणत्या ट्रेडला आहे, ते विचारा आणि कागद वाचूनच फी भरा. आता तुम्हाला वाचता येते. कोणी 'सही करा, नंतर सांगतो' म्हणाला, तर सही करू नका.

आयटीआय झाल्यावर थेट ठेकेदाराकडे जाण्यापेक्षा आधी शिकाऊ उमेदवारी करणे बरे. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. ज्या कारखान्यात ३० किंवा जास्त माणसे कामावर आहेत, त्याने शंभरामागे अडीच ते पंधरा शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत. त्यांना सरकारने ठरवलेले किमान विद्यावेतन मिळते. त्याचा लेखी करार होतो आणि त्याची सरकारदरबारी नोंद होते. करार नाही आणि नोंदही नाही, तर ती उमेदवारी नव्हे, नुसती स्वस्त मजुरी. उमेदवारी संपल्यावर त्याच कारखान्याने कामावर ठेवलेच पाहिजे असे बंधन नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

नोकरी लागली तर नेमणूकपत्र मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांप्रमाणे ते प्रत्येक कामगाराला द्यायला हवे. त्यात हुद्दा काय लिहिला आहे, तो वाचा. 'हेल्पर' लिहिले आहे की 'टर्नर'? किमान वेतनाचे दर अकुशल, अर्धकुशल आणि कुशल अशा वर्गांनी ठरतात. हात टर्नरचा आणि कागदावर हेल्पर, असे झाले तर दर महिन्याला पैसे बुडतात.

काही घरांत बाप जन्मभर वेल्डिंग करतो, पण त्याच्याजवळ दाखला नाही. अशा लोकांची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय २०१५ पासून केली आहे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये चौकशी करा.

आणि मुली? आम्ही मघापासून पोरं पोरं म्हणतो आहोत, म्हणून कोणी बाई मनात म्हणत असतील, 'म्हणजे आमच्या लेकीचं काही नाही.' तसे नाही. मापाचे, जुळवणीचे, तारा जोडण्याचे काम मुली उत्तम करतात. पुणे-चाकण भागात त्या पुष्कळ कारखान्यांत आहेत. वेल्डिंगही करतात. मुलींसाठी वेगळ्या आयटीआय आहेत आणि इतर संस्थांतही त्यांच्यासाठी जागा राखून ठेवतात. जिने घराच्या चुलीची धग सोसली, तिला वेल्डिंगच्या ठिणगीचे काय भय? अडचण ठिणगीची नाही. अडचण आहे ती संध्याकाळच्या एसटीची आणि राहण्याच्या जागेची. पाठवण्याआधी त्या दोन गोष्टींची चौकशी करा.

दहावीचा निकाल लागला, की आयटीआयचे अर्ज सुरू होतात. सगळ्या राज्याचे अर्ज संगणकावर भरतात. कोणती संस्था आणि कोणता ट्रेड हवा, ते पसंतीच्या क्रमाने लिहावे लागते. हा क्रम दुकानातल्या माणसावर सोडू नका. त्याला घाई असते, तो वरचे नाव टाकून मोकळा होतो. घरी मुलाशी, मुलीशी बोला. कागदावर एक, दोन, तीन असे लिहून न्या. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. जातीचा दाखला मिळायला वेळ लागतो, तेव्हा निकालाची वाट न बघता त्याचा अर्ज आजच तहसील कचेरीत द्या.